प्रत्यक्ष खेळून तपासणी

वारजे येथील मधुमालती सहकारी गृहरचना संस्थेचा संघ आंतर-सोसायटी संगणक खेळ स्पर्धेत पहिल्याच फेरीत, खेळ सुरू झाल्यापासून अकराव्या मिनिटाला बाद झाला. संघाचे सरासरी वय एकाहत्तर वर्षे होते. मात्र संस्थेच्या इतिवृत्तात अशा कोणत्याही स्पर्धेची नोंद नाही, आणि ज्याची इतिवृत्तात नोंद नाही ते मधुमालतीत घडत नाही. तेव्हा ही स्पर्धा झालेलीच नाही असे समजून वाचकांनी पुढे वाचावे.

अस्मिता देवस्थळी ही बी विंगमधली, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. गेल्या वर्षी तिचा चौघांचा संघ याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत थोडक्यात हरला होता. चौघे आपापल्या घरी, दार लावून, आईच्या हाका चुकवत सराव करत. एकत्र बसायला जागा नव्हती. येत्या जानेवारीत नोकरीसाठी ती बेंगळुरूला जाणार होती. म्हणजे डिसेंबरातली धायरीच्या मंगल कार्यालयातली स्पर्धा ही तिची शेवटची. अशात ए विंगमधल्या एका सभासदाची कंपनी बंद पडली आणि त्याने चार दणदणीत संगणक सोसायटीला देऊन टाकले. ते कॅरमच्या खोलीत मांडले गेले. अस्मिताने त्याच दिवशी तिथे सरावाच्या परवानगीचा अर्ज केला.

"अर्ज उत्तम आहे," अध्यक्ष रंगनाथ भागवत म्हणाले. ते नगररचना विभागातून निवृत्त झाले होते, पण विभाग त्यांच्यातून निवृत्त झाला नव्हता. "शुद्धलेखनाच्या दोनच चुका. पण हे खेळ कोणते, ते तपासावं लागेल."

"काका, यादी जोडली आहे ना. एक गाड्यांच्या शर्यतीचा, एक शहर वसवायचा, एक शेतीचा, एक लढाईचा. स्पर्धेत हेच चार असतात."

"यादी बघून मंजुरी द्यायला हा काय महिन्याचा किराणा आहे?"

ठराव झाला. आवारात कोणताही खेळ खेळला जाण्यापूर्वी अनुभवी सभासदांनी तो प्रत्यक्ष खेळून तपासावा आणि लेखी अभिप्राय द्यावा. मुदत आठ दिवस. तोवर मुलांनी संगणकाला हात लावू नये.

अनुभव पाहूनच कामे वाटली गेली. शर्यतीचा खेळ सर्जेराव जगदाळे यांच्याकडे गेला. ते निवृत्त मोटार वाहन निरीक्षक. शेतीचा खेळ श्यामलाताई नेन्यांकडे, कारण त्यांनी भूमी अभिलेखात तेहेतीस वर्षे काढली होती. लढाईच्या खेळाला शिस्तीचे माणूस हवे म्हणून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या मुमताज टीचर. शहर वसवायचा खेळ अध्यक्षांनी स्वतःकडे ठेवला, हे सांगायला नकोच.

आठ दिवसांनी अंतरिम अहवाल आले. सर्जेरावांनी लिहिले होते: 'शर्यतीत आपली गाडी सोडून एकाही गाडीने सिग्नल पाळला नाही. अकरा वाहनांचे क्रमांक टिपले आहेत. आपला क्रमांक बारावा आला, परंतु नियमात आला.' श्यामलाताईंचे म्हणणे असे, की खेळात शेतकरी थेट गाजर पेरतो, पण जमीन कोणाच्या नावावर आहे याचा पत्ता नाही. त्यांनी मोजणी केली तेव्हा शेजाऱ्याचे कुंपण चार फूट आत निघाले. शेजारी खेळात बोलत नसल्याने त्यांनी त्याच्या बुजगावण्याला नोटीस लावून सुनावणीची तारीख दिली होती. मुमताज टीचरांनी हजेरीपट जोडला. त्यांच्या खेळात शंभर जण हवाई छत्रीने बेटावर उतरतात आणि शेवटी एकच उरतो. 'गळतीचे प्रमाण नव्याण्णव टक्के,' असा शेरा होता. 'पालकसभा बोलवावी.'

अध्यक्षांचा अहवाल एका ओळीचा होता. शहरात नागरिकांनी घरे, पाणी आणि दवाखाना मागितला आहे, प्रकरण विचाराधीन.

"मग आता आम्ही खेळू शकतो?" अस्मिताने विचारले.

"अगं, शेवटचा टप्पा पाहिल्याशिवाय अभिप्राय कसा देणार?" श्यामलाताई म्हणाल्या. "बुजगावण्याची सुनावणी परवा आहे."

"काकू, तो गवताचा माणूस आहे."

"म्हणून त्याला म्हणणं मांडायची संधी द्यायची नाही?"

महिन्याची मुदतवाढ मिळाली. मग दिवाळीपर्यंत मिळाली. तपासणी सकाळी सातला सुरू होऊ लागली. फिरायला जाणे, पेपर वाचणे आणि पेपरातल्या चुका संपादकांना कळवणे ही तिन्ही कामे मागे पडली. सर्जेरावांनी हेल्मेट आणले. आधी सावकाश चालवणारे सर्जेराव आता दुसऱ्यांना कट मारू लागले होते. मात्र कट मारण्यापूर्वी इंडिकेटर देत. मुमताज टीचर एका पडक्या घराच्या न्हाणीघरात लपून बसत आणि बाकीचे नव्याण्णव एकमेकांना संपवेपर्यंत स्वेटर विणत. अशा त्या सलग एकोणीस डाव जिंकल्या. "वर्गात मागे गप्प बसणारीच मुलं पुढे जातात," असे त्या शाहिदला सांगत. शाहिद त्यांचा नातू आणि अस्मिताच्या संघातला सर्वांत चांगला नेमबाज. तो खिडकीच्या जाळीतून आत बघत उभा असे.

"दादी, एक डाव. फक्त एक," तो म्हणे.

"अभ्यास झाला?"

"झाला."

"मग पुढच्या वर्षीचा कर."

नोव्हेंबरात लिफ्ट बंद पडली आणि टाकीत पाणी येईना. सी विंगचे लोक घागरी घेऊन कॅरमच्या खोलीच्या दारात आले.

"अहो भागवत, तीन दिवस पाणी नाही!"

"असं कसं?" अध्यक्ष पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "चाळीस हजार लोकांना कालच चोवीस तास पाणी सोडलंय. आपण नीट बघितलं नसेल."

खरोखरच सोडले होते. आयुष्यभर एकाही फायलीवर 'मंजूर' न लिहिलेल्या माणसाला इथे एक बटण दाबले की धरण बांधून मिळत होते, कोणी स्थगिती आणत नव्हते, आणि नागरिक डोक्यावर हिरव्या हसऱ्या तोंडाचे चिन्ह झळकवून आभार मानत होते. सी विंगच्या लोकांनी थोडा वेळ ते शहर पाहिले. मग त्यांच्यापैकी एकाने हळूच विचारले, "तिथे टू बीएचके कसा पडेल हो?"

मुलांची मात्र पंचाईत झाली. हात रिकामे होते म्हणून ती पार्किंगमध्ये क्रिकेट खेळू लागली. त्यावर 'आवारात खेळण्यास सक्त मनाई. खेळायचे असल्यास संगणकावर खेळावे. संगणकावर तपासणी चालू आहे.' अशी पाटी लागली.

स्पर्धेला आठवडा उरला तेव्हा अस्मिता प्रवेशपत्र घेऊन गेली. आयोजकांना सोसायटीचा शिक्का हवा होता, आणि खेळाडूंनी सराव केल्याचा दाखला.

"शिक्का देतो की," अध्यक्ष म्हणाले. "सरावाची नोंदवही काढा."

नोंदवही निघाली. तिच्यात चार महिन्यांत चारच माणसांनी सराव केल्याची, तारीख-वार-वेळ आणि सहीसह नोंद होती.

"तुझं नाव दिसत नाही," सर्जेरावांनी चष्मा सरसावून सांगितले. त्यांच्या आवाजात खरोखर वाईट वाटल्याचा भाव होता.

"कारण तुम्ही मला बसू दिलं नाही!"

"हे वहीत कुठे आहे?"

"काका, मी जानेवारीत चाललेय. ही माझी शेवटची स्पर्धा आहे. आम्ही गेल्या वर्षी अंतिम फेरीपर्यंत गेलो होतो."

मुमताज टीचरांनी विणकाम खाली ठेवले. "मुलीचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "तिच्यावर अन्याय होता कामा नये." सर्वांनी माना डोलावल्या आणि अन्याय दूर करणारा ठराव एकमताने संमत झाला: ज्यांचा सराव आहे ते खेळतील, आणि अस्मिता त्यांच्यासोबत चहाचा थर्मास घेऊन जाईल.

पुढे धायरीत जे घडले ते, सुरुवातीलाच सांगितल्याप्रमाणे, घडलेले नाही. सर्जेराव शर्यतीच्या मध्यात लाल सिग्नलला थांबले नाहीत आणि मागून आलेल्या सात गाड्या त्यांच्यावर आदळल्या नाहीत. श्यामलाताईंनी प्रतिस्पर्ध्याच्या शेतावर जप्ती आणली नाही. मुमताज टीचर न्हाणीघरात बसल्या असताना पंचांनी वेळकाढूपणाबद्दल संघ बाद केला नाही, आणि त्यावर अध्यक्षांनी पंचांकडे निर्णयाची प्रमाणित प्रत मागितली नाही. थर्मास धरून उभ्या असलेल्या अस्मिताने, बोटांना सवयीने आपोआप आठवणारी बटणे थर्मासच्या झाकणावर दाबली नाहीत.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. स्पर्धा न झाल्यामुळे खेळांचा अंतिम टप्पा कोणीच पाहिलेला नाही, म्हणून तपासणी अपूर्ण आहे आणि ती पुढील वर्षीही चालू राहील, असे ठरले. अस्मिताने विचारले, आता मी काय करू? "लेखी द्या," अध्यक्ष म्हणाले आणि शहराला विमानतळ मंजूर करायला वळले. तिने सामान बांधण्याआधी लेखी दिले. अर्जाला आवक क्रमांक मिळाला आणि अभिप्रायासाठी तो तपासणी समितीकडेच गेला:

'प्रति, मा. अध्यक्ष, मधुमालती संस्था. प्रत माहितीसाठी: सर्व सभासद, भाडेकरू व इतर वाचनेच्छू नागरिक.

विषय: हरण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय, आवारातील सर्व खेळ ज्येष्ठांनी आमच्या भल्यासाठी खेळून घेतले आहेत व आम्ही त्याबद्दल ऋणी आहोत. सदर अर्ज आपण मोबाईलवरचा डाव मध्येच थांबवून वाचत असाल, तर तो डाव नेमका कोणासाठी तपासत आहात, हे समासात नमूद करावे. तसेच मी गाव सोडण्यापूर्वी मला व माझ्या तीन सोबत्यांना, कोणत्याही एका दिवशी, एक तास, त्या चार संगणकांपुढे बसून आमच्या स्वतःच्या चुकांनी हरू द्यावे, आणि त्या वेळेत कोणाही अनुभवी व्यक्तीने मागे उभे राहून "अगं, डावीकडे घे" असे म्हणू नये, ही नम्र विनंती.'