दोन पूर्णांक तीन

नागेंद्ररावांच्या रंगाच्या कारखान्यात पाण्याचा आंबटपणा मोजणारं पीएचचं यंत्र बसलं आणि येसाजीकाकांची बोटं बेकार झाली. रेशीम रंगवून उरलेलं आंबट पाणी गटारात सोडण्याआधी त्यात धुण्याचा सोडा मिसळावा लागे. किती, ते काका दोन बोटांत पाणी चोळून सांगत. गेली चाळीस वर्षं! आता हौदात एक कांडी लोंबत होती आणि तिची वायर भिंतीवरच्या डबीत शिरली होती.

"सातावर सेट केलंय," नाशिकहून म्हैसूरला आलेला इंजिनिअर अनुराग म्हणाला. "आकडा सातच्या खाली गेला, म्हणजे पाणी आंबट झालं, की पंप सोड्याचं पाणी सोडतो. सात झाले की आपोआप बंद."

"बोट न बुडवता कळतंय?" काकांनी डबीला हात जोडले. "अब्बा!"

"काका, दसरा झाला की तुम्ही घरीच आराम करा," नागेंद्रराव म्हणाले. काकांनी मान डोलावली. घरी करायचं काय, हे मात्र त्यांना सुचेना.

आयुधपूजेच्या सकाळी नागेंद्ररावांच्या पत्नी पुष्पावतीबाईंनी कात्र्यांच्या टोकांना लिंबं टोचली, दाभणांना टोचली. राहिली ती कांडी. तिचं टोक काचेचं, म्हणून बाईंनी लिंबाला आधी भोक पाडलं आणि कांडी हौदातून वर काढून हळूच आत बसवली. यंत्र बंद करावं असं कुणालाच वाटलं नाही. ज्याची पूजा, त्यालाच झोपवायचं कसं?

डबीवर आकडा आला, दोन पूर्णांक तीन. पंप जीव तोडून धावू लागला.

"नोडि, बघा, कसं हुरूपानं चालायलंय!" बाई हरखल्या. तासाभरानं आरती झाली आणि त्यांनी हौदातल्या निवळ पाण्यावर मूठभर हळद उधळली.

पाणी लालभडक झालं.

"अय्यो, अम्मा!" बाईंनी ताट खाली ठेवून हात जोडले. बघता बघता अर्धी गल्ली नारळ घेऊन आली. नागेंद्ररावांनी अनुरागला फोन लावला. "सर, तुमच्या मशीनमध्ये देवी आलीय!"

काकांनी मात्र सवयीनं दोन बोटं बुडवली. "बुळबुळीत लागतंय. सोडा फार झालाय."

"काका, मशीन आंबट म्हणतंय. बघा तरी!" नागेंद्ररावांनी डबीकडे बोट दाखवलं.

काकांनी आकडा पाहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आपल्या बोटांकडे संशयानं बघितलं आणि ती धोतराला पुसली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

गावातच मुक्काम असलेला अनुराग धावत आला, त्यानं आधी कांडीवरचं लिंबू उपटलं. सोड्याचं पिंप रिकामं होतं. पंप बंद करून त्यानं कांडी धुतली आणि हौदात सोडली. अकरा!

"काका बरोबर आहेत. सोड्यात हळद लालच होते."

नारळ घरोघर परतले. नागेंद्ररावांना काकांकडे बघवेना. काका मात्र थक्क होऊन लिंबाकडेच बघत होते.

"म्हंजे मशीन खोटं बोललं नाही, अल्वा? लिंबू आंबटच की! न चाखता ओळखलं त्यानं!"

"पण याला अधूनमधून तपासायला कुणीतरी हवं," अनुराग म्हणाला. नागेंद्ररावांनी खाली मान घालून काकांसमोर खुर्ची सरकवली.

दसऱ्यानंतर काका नऊच्या ठोक्याला हजर झाले. आधी त्यांनी पंप बंद केला. मग खिशातून लिंबू काढून कांडी त्यात खोचली. दोन पूर्णांक तीन.

"शुद्धीवर आहे," ते कौतुकानं म्हणाले. कांडी धुऊन त्यांनी हौदात सोडली, पंप सुरू केला. आणि यंत्राला वाईट वाटू नये म्हणून त्याच्याकडे पाठ करून, हळूच दोन बोटं पाण्यात बुडवली.