डाव्या पायाची समाधानकारक प्रगती

शिंपीकाकांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा डावा हात, डावा पाय कामातून गेला. तीस वर्षं गावाला सदरे शिवून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावता येईना. त्यांचा सगळा जीव त्या बटणात अडकला.

पुनर्वसन केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी हृदयाच्या तपासण्या करून घेतल्या आणि स्पष्टच सांगितलं, "नुसतं हातपाय हलवून भागायचं नाही, काका. चांगला दम लागला पाहिजे, घाम निघाला पाहिजे. रोज वीस मिनिटं." केंद्राने नाडी आणि पावलं मोजणारं घड्याळ दिलं. आकडे थेट केंद्रात जायचे. सलग तीन दिवस आकडा चढला नाही, की रुग्णाचं नाव कमी.

पहिल्या दिवशी काका खुर्चीतून चाळीस वेळा उठले-बसले. घामाघूम झाले, पण खूश. "सूनबाई, पाय उचलला!"

घरात हलकल्लोळ माजला. "बाबा, हे काय वय आहे का? काही झालं म्हणजे?" मुलाने त्यांना उचलून पलंगावर निजवलं. पण नाव कमी होऊन कसं चालेल? म्हणून घड्याळ सुनेने बांधलं आणि ती जिना चढू-उतरू लागली.

आकडे पाहून केंद्राने रुग्णाच्या व्यायामाची पातळी वाढवली. ती सुनेला झेपेना, तेव्हा मुलगा धावू लागला. पुढच्या पातळीसाठी त्याने बिनपगारी रजा टाकली. काका पलंगावरून ओरडत, "अरे, मला द्या ते घड्याळ!"

"तुम्ही आराम करा, बाबा. आम्ही आहोत ना!"

तीन महिन्यांनी केंद्राचे नोंद अधिकारी घरी आले. सदर रुग्ण पूर्ण बरा झाल्याने त्याचं नाव वगळण्यात येत आहे, असं प्रमाणपत्र त्यांनी वाचून दाखवलं.

"साहेब, माझा पाय उचलला जात नाही."

अधिकाऱ्यांनी कागद पाहिला. "जातो. काल अकरा हजार पावलं टाकलीत तुम्ही."

"काल मी पलंगावर होतो!"

"पलंगाची नोंद आमच्याकडे नाही."

स्वतःची घसरणारी विजार एका हाताने धरून मुलाने अधिकाऱ्यांना दारापर्यंत पोचवलं. मग दोघा नवराबायकोंनी कपड्यांचा ढीग पलंगावर आणून ठेवला. "बाबा, सगळं ढगळ झालंय हो. कमरेत दोन-दोन इंच आत घ्या ना."

काकांनी उजव्या हाताने डावा हात उचलून कापडावर ठेवला. तो घसरला. त्यांनी पुन्हा ठेवला.

सून कळवळली. "राहू द्या, बाबा. तुम्ही आराम करा."

हे वाक्य तुम्हीही घरात कोणाला तरी म्हणतच असाल. प्रेमानेच.