टिकलीचा सत्कार

एका जंगलात, मुलांनो, शाळा होती. उंच कड्यावर. ज्ञान उंचावरच शोभतं, असं तिथल्या वडीलधाऱ्यांचं मत होतं. वडीलधाऱ्यांचं मत म्हणजे ते बरोबरच. हसू नका.

त्या जंगलात टिकली नावाची भेकराची पोर राहायची. फाशात अडकून तिचे मागचे पाय लुळे पडले होते. पुढच्या पायांवर अंग ओढत ती रोज कड्याखाली येऊन बसे. वरून बाराखडी ऐकू येई. ऐकून ऐकून तिला ती तोंडपाठ झाली. पण अक्षर दिसतं कसं? ते तिनं कधीच पाहिलं नव्हतं. तिला वाचायचं होतं. बस्, एवढंच.

तिची आई शाळेचे अध्यक्ष अस्वलअण्णांकडे गेली. "अण्णा, पोरीला वर चढायला वाट करून द्या ना."

"अगं, एका पोरीसाठी कडा फोडू? आणि शिकून तिला करायचंय काय?" अण्णा म्हणाले. मग त्यांनी पंजानं डोळे टिपले. "पण पोर जिद्दी हो! आपण तिचा सत्कार करू."

टिकली वर जाऊ शकत नव्हती, म्हणून सत्काराला अख्खी शाळाच खाली आली. वानरगुरुजी आले. पोरं आली. सतरंज्या आल्या. अध्यक्षांची खुर्ची आली. टिकलीचं नाव लिहिलेला फळासुद्धा आला. शाल झाली, श्रीफळ झालं. अण्णा जिद्दीवर इतकं बोलले, की पुढच्या रांगेतलं रानडुक्कर घोरू लागलं.

टिकली शाल सावरत म्हणाली, "गुरुजी, फळा आलाय, पोरं आलीत, तुम्हीही आलात. मग शाळा रोज इथंच भरवा की!"

"आगाऊ कार्टी," अण्णा पुटपुटले.

गुरुजी गोड हसले. "बाळ, हा कार्यक्रम आहे. कार्यक्रमासाठी खाली उतरावंच लागतं. शिकवायला कुणी उतरतं का?"

"बरं. मग फळ्यावर माझं नाव कुठलं, तेवढं दाखवा."

सवयीनं गुरुजींचं बोट फळ्याकडे गेलं. अण्णा खाकरले. बोट खाली आलं.

"ते कळायला शाळेत यावं लागतं, बाळ," गुरुजी म्हणाले.

त्यांनी फळा पुसला, पाठीवर घेतला आणि शाळा वर निघून गेली.

तात्पर्य: वाटेत कडा आडवा आला, तर मुलांनो, आपली जिद्द वाढवावी. कडा हलवायला सांगू नये. त्यावर वडीलधारी मंडळी बसलेली असतात, ती पडतील.