विष्णूभाऊंची काळी पट्टी

आमच्या कचेरीत आलेली लग्नपत्रिका विष्णूभाऊंच्या टेबलावरून पुढे सरकली, की तिच्यावरचा नवरीच्या घरचा पत्ता आणि तिच्या वडिलांचा फोन नंबर काळ्या पेनाने झाकलेला असायचा. एकदा मी वैतागून विचारलं, "अहो, मग लग्नाला जायचं कुठं?"

"कार्यालयाचं नाव ठिवलंय की. पोरीच्या घरी काय काम हाय तुझं?"

मावळातल्या या सरकारी कचेरीत आम्ही दोघं दप्तर सांभाळायचो. माहिती अधिकारात कुणी कागद मागितले, की देण्याआधी त्यातले खाजगी पत्ते, फोन, आधार, बँक खाती झाकायचं काम भाऊंचं. काळ्या पेनाखालचं उन्हात धरलं की वाचता येतं, म्हणून ते झाकलेल्या कागदाची पुन्हा झेरॉक्स काढत आणि तीही खिडकीशी नेऊन बघत. अर्जदार चिडायचे, "काय लपवताय?"

"सायबाची सही ठिवली, शेरा ठिवला, मंजुरी कुणी दिली तेबी ठिवलं. कागद न्या, माणूस ऱ्हाऊ द्या."

एवढं करूनही चैन नाही. अर्जदार फाटकाबाहेर पडला की हे खुर्चीतून उठलेच. "एक पान ऱ्हायलं काय रं?" दिवसाला चारदा तरी.

एकदा दाढ काढायला ते रजेवर गेले. घरकुलाच्या यादीत वशिलेबाजी झाली का, हे तपासायला सोमाटण्याच्या एका निवृत्त गुरुजींनी यादी मागितली होती. मी दिली. घाईत शेवटचा रकाना झाकायचा राहिला. त्यात प्रत्येकाचा सध्याचा पत्ता होता.

दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल धरून भाऊ आले. कचेरीतली प्रत चाळली आणि एका नावावर त्यांचं बोट थांबलं.

"हिराबाई. नवऱ्याच्या माराला भिऊन पळालीय. अर्ज देताना हात जोडून म्हणाली व्हती, पत्ता कुणाला देऊ नका. गाडी काढ!"

सोमाटण्यापर्यंत ते माझ्यामागे बसून एकसारखी चुळबुळ करत होते. गुरुजी भले माणूस, ऐकून पांढरेच पडले. "अहो, मी तर यादी सकाळीच गावाच्या ग्रुपवर टाकली!" त्यांनी ती लगेच काढून टाकली. पण त्या ग्रुपमध्ये हिराबाईचा दीर होता, आणि त्याने ती पाहिली होती.

तिथून थेट यादीतल्या पत्त्यावर, तुंगार्लीला. हिराबाई एका बंगल्याच्या मागच्या खोलीत राहून तिथलीच झाडलोट करायची. चूक माझी होती, पण तोंड उघडायचा मला धीर होईना. भाऊच पुढे झाले.

"बाई, आमच्या हातनं चूक झाली. तुमचा पत्ता भाईर गेलाय."

ती खराट्यासकट खाली बसली. "त्यांस्नी कळलं?"

"कळलं आसंल. हितं थांबू नका."

"माझी एक मावसबहीण हाय, तिच्याकडं..."

"कुटं ते सांगू नका," भाऊंनी हात वर केला. "आमालाबी न्हाई."

पिशवी भरून ती रिक्षात बसली. रिक्षा वळायच्या आधीच भाऊंनी पाठ फिरवली होती.

तिसऱ्या दिवशी एक लालबुंद डोळ्यांचा माणूस कचेरीत येऊन टेबलावर हात आपटू लागला. "तुंगार्लीत न्हाई ती. कुटं गेली माझी बायको?"

"मला ठाव न्हाई," भाऊ म्हणाले. खरंच ठाऊक नव्हतं. तो बराच वेळ शिव्या देऊन गेला.

दुपारी आम्ही डबे उघडले. मी म्हणालो, "भाऊ, माझ्यामुळं झालं हे." त्यांनी डब्यातली भाकरी काढली. मग मी काही न विचारताच म्हणाले, "माझी धाकटी बहीण आशीच निघून गेली. एका कचेरीतल्या कागदावरनं दाजीला पत्ता घावला. तितनंबी गेली ती. सहा वर्सं झाली. कवातरी दुसऱ्याच्या फोनवरनं बोलती, दोन मिन्टं."

"असते कुठं?"

"म्या इचारलंच न्हाई."

मी माझ्या डब्यातली भाजी त्यांच्याकडे सरकवली.

"भाऊबीजेची साडी घेतो दर साली," ते भाकरी मोडत म्हणाले. "निळी आवडती तिला. सहा झाल्यात कपाटात."