कापूस आधी कोणाचा?

इंगळेकाका माणसाचं तोंड नंतर बघतात. आधी त्याची बाही चिमटीत धरून कापड चोळतात. आखातातल्या हमद पोर्टवर मी रुजू झालो त्या सकाळी माझी बाही सोडत ते म्हणाले, "पॉलिस्टर! तुले अमेरिकेची लढाई माहीत नसन." झालं! अर्धं जहाज रिकामं होईपर्यंत ती मला ऐकावी लागली.

लढाई गुलामगिरीवरून, अमेरिकेतल्याच उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या राज्यांची. दक्षिणेत गुलामांकडून कापूस पिकवून घेत. उत्तरेने तिची बंदरं रोखली आणि कापसाविना विलायतेतल्या गिरण्या ओस पडल्या. "मंग साहेब कोनाच्या दारात आला? आमच्या वऱ्हाडाच्या!" काकांची छाती इथे फुगते. "लढाई संपली, भाव पडला, अन् साहेबानं वळख बी देल्ली नाई, बाप्पा."

पण आमचा क्रेनवरचा सुपरवायझर महमूद पडला इजिप्तचा. त्याच्या मते साहेब आधी नाईलच्या काठी गेला होता. मग काय विचारता! रोज दुपारी दोघं एका डब्यात जेवत हिंदी-इंग्रजी-अरबीत भांडायचे. काका चिडले की थेट वऱ्हाडीत. महमूद काकांचाच ठेचा खाऊन काकांनाच खोटं पाडायचा. आम्ही कानात बोळे घालायचे तेवढे बाकी होते. काकू गेल्यापासून काका अल मन्सूरा भागातल्या खोलीत एकटेच; त्यांच्याशी धड बोलणारा हा एकच माणूस.

गेल्या महिन्यात महमूद कायमचा घरी निघाला. आम्ही केक आणला. काकांच्या गळ्यात हात टाकून तो मोठ्या मनाने म्हणाला, "खलास, इंगळे! तू जिंकलास. आधी तुमचाच कापूस."

आम्ही टाळ्या वाजवल्या. काका मात्र भडकले.

"खलास काऊन? साहेब आधी तुमच्याचकडं गेलता!"

"नाही, हिंदुस्तानात."

"इजिप्तमंदी म्हन्तो ना!" काकांचा आवाज फाटला. "असं मिटवून जाऊ नको रे. मंग मले फोन कायले करशीन?"

रोजच्या भांडणाचे शब्द महमूदला ओळखीचे; ही वऱ्हाडी कुठली कळायला? त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "भांडण मिटलं तर तू फोन करणार नाहीस, असं काका म्हणतायत."

तसा महमूद काकांच्या नाकासमोर बोट नाचवत ओरडला, "तुमच्या कापसाचा धागा आखूड होता! आखूड आणि कचरा!"

"कचरा?" काकांनी टेबलावर मूठ आपटली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुसायचं भान नव्हतं. "घरी पोच, फोन लाव, मंग सांगतो तुले!"