एकशे वीस मिलिलीटरचा चोर

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानातले तराजू, पेट्रोल पंपाची मापं, डेअरीतली लिटरची भांडी तपासून त्यांवर शिक्का मारायचा, हे माझं काम. सव्वीस वर्षं झाली. मला रस्त्याने येताना पाहिलं की कापडवाल्याची पट्टी आपोआप अर्धा इंच लांब होते, असं आमच्या खात्यात म्हणतात. म्हणजे म्हणतो मीच, पण अजून कुणी खोडून काढलेलं नाही. मला मापात फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

त्यामुळे बायको जेव्हा म्हणाली, "अहो, एक साधं कॉफीचं मशीन घेऊ या, रोज सकाळी पातेल्यापाशी उभं राहून माझी लायब्ररीला जायची वेळ चुकते," तेव्हा मी तिला एवढंच सांगितलं, "तू यात पडू नकोस. निवड माझ्यावर सोड."

तिने सोडली. आजवर तिने केलेल्या चुकांमध्ये हिचा नंबर बराच वर लागेल.

मशीन म्हणजे तसं सोपं प्रकरण. मागच्या टाकीत पाणी भरायचं, वर कागदी गाळणीत कॉफीची पूड घालायची आणि बटण दाबायचं. गरम पाणी पुडीतून झिरपतं आणि थेंब थेंब खालच्या जगमध्ये पडतं. पण सोप्या प्रकरणातच फसवणूक जास्त असते, हा माझा अनुभव आहे.

दुकानातला सेल्समन बारीक मिशीचा, अती नम्र होता. अती नम्र माणूस दिसला की मी आधी त्याचा तराजू बघतो.

"साहेब, हे घ्या, दहा कपांचं," तो म्हणाला.

"कुणाच्या कपाने?"

"म्हणजे?"

"कंपनीच्या कपाने की माझ्या कपाने?" मी पिशवीतून घरचा कप काढून काउंटरवर ठेवला. त्याने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग लांब बसलेल्या मालकाकडे. मालकाने पटकन फोन कानाला लावला.

"बरं, हे बघा. यात टायमर आहे. तुम्ही झोपेत असलात तरी सकाळी सहाला कॉफी तयार."

मी झोपेत असताना जी वस्तू काम करते, ती आणखी काय काय करत असेल याची खात्री कोण देणार? तेही बाद. ज्यावर 'सर्वाधिक खप' अशी चिठ्ठी होती ते बाद, कारण चिठ्ठी कोणी लावली ते सांगायला कुणी तयार नव्हतं. शेवटी तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, खरं सांगू? घरच्या वापराला हे सगळ्यात साधं मशीनच चांगलं. उगाच महाग घेऊ नका."

विकणारा माणूस स्वस्त वस्तूची तारीफ करतो? मी सावध झालो. ज्या मशीनबद्दल तो अवाक्षर बोलला नव्हता, ते उचललं आणि घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातला काचेचा मापनळा घेऊन मी ओट्यापाशी उभा राहिलो. बरोबर नऊशे मिलिलीटर पाणी टाकीत ओतलं, पूड घातली, बटण दाबलं आणि आंघोळीला गेलो. येऊन जगमधली कॉफी मापली. सातशे ऐंशी.

तीन दिवस मापली. तिन्ही दिवस सातशे ऐंशी. एकशे वीस मिलिलीटर गायब.

मी मशीन खोक्यात भरलं आणि दुकानात गेलो.

"गळतं का साहेब?" सेल्समनने विचारलं.

"गळत नाही. गिळतं."

त्याने निमूटपणे दुसऱ्या कंपनीचं दिलं. आठवडाभर मापलं. सातशे ऐंशी. ते परत केलं. आता तो मला बघून नम्रही होईनासा झाला. त्याने स्टीलच्या थर्मास-जगचं तिसरं मशीन काढलं आणि म्हणाला, "साहेब, हे शेवटचं. यानंतर तुम्ही पातेलंच वापरा." तिसऱ्यानेही सातशे ऐंशीच दिली.

इथे माझ्यातला निरीक्षक जागा झाला. तीन कंपन्यांची तीन मशीनं. तिन्ही बिघडलेली असतील तर बिघाड वेगवेगळा हवा. एक पन्नास खाईल, एक दोनशे खाईल. पण तिघांनी ठरवून रोज एकशे वीसच खायचे, हे शक्य नाही. म्हणजे मशीनं निर्दोष होती. चोर घरात होता. आणि एकशे वीस मिलिलीटर म्हणजे किती? बरोबर एक कप.

घरात माणसं तीन. मी चोर नव्हतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. बायको चहा पिते. राहिले सासरेबुवा.

सासरेबुवा घड्याळजी होते. दृष्टी अधू झाल्यावर दुकान बंद करून दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आले. स्वभावाने शांत, बोलणं मोजकं. त्यांना कॉफी जीव की प्राण. पण छातीत धडधडायला लागल्यामुळे डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी ती पूर्ण बंद केली होती. तेव्हापासून ते सकाळी गरम पाणी पीत आणि माझ्या कपाकडे असं बघत, की मला पाठमोरं बसून कॉफी प्यावी लागे.

हेतू होता, संधी होती. मी आंघोळीला गेलो की मैदान मोकळं.

दुसऱ्या दिवशी मी बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला, दाराबाहेर आलो आणि पावलं न वाजवता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिलो. सासरेबुवा मशीनपाशी वाकलेले, डोळे मिटलेले. हातात रिकामा कप.

"बाबा," मी म्हणालो.

ते दचकले नाहीत. सावकाश वळले. "नळ चालू राहिलाय तुमचा," ते म्हणाले.

"हातात कप कशाला?"

"गरम पाणी घ्यायला आलो होतो. वास आला म्हणून थांबलो. वास घ्यायला डॉक्टरांनी बंदी केलेली नाही."

"रोज एकशे वीस मिलिलीटर कमी होतंय, बाबा. माझ्याकडे पंधरा दिवसांची नोंद आहे."

त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. कप त्यांनी ओट्यावर ठेवला, आवाज न करता. "जावईबापू, लोकांची सोन्याची घड्याळं माझ्या दुकानात महिनोन् महिने पडून असायची. कुणी मला पावतीसुद्धा मागितली नाही. आणि तुम्ही माझ्यावर माप लावताय?"

अर्ध्या तासात त्यांची बॅग भरून झाली. दोन गल्ल्या सोडून त्यांची बहीण, म्हणजे बायकोची आत्या राहते, तिकडे ते गेले. बायको त्यांना सोडून आली आणि त्यानंतर माझ्याशी बोलेना. रात्री तिने ताट वाढलं तेव्हा मी "भात कमी आहे का?" असं सहज विचारलं. तिने मापनळा आणून माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि आत निघून गेली.

पुढच्या दिवशी मी रजा घेतली. बायको कामाला गेल्यावर घरात मी एकटा. नऊशे पाणी, पूड, बटण. आज आंघोळ नाही. खुर्ची मशीनसमोर घेतली आणि बसलो. डोळ्याची पापणी लवू दिली नाही म्हटलं तरी चालेल. शेवटचा थेंब पडला. कॉफी मापली.

सातशे ऐंशी.

मी खुर्चीखाली बघितलं. ओट्यामागे बघितलं. पुन्हा मापली.

दुपारी बायको जेवायला घरी आली तेव्हा मी तिथेच बसलेलो होतो. मशीनचं झाकण उघडलं, पुडीची ओली गाळणी दोन बोटांत धरून उचलली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली.

"पूड किती घातली होतीत?"

"पंचावन्न ग्रॅम."

"आता वाचा."

काटा एकशे पंच्याहत्तर दाखवत होता. वजाबाकी मला येते. सरकार मला त्याचाच पगार देतं.

"पूड पाणी शोषते, हे न कळायला काय झालं होतं? पोळपाट पुसायचं फडकंसुद्धा पाणी शोषतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, त्यामुळे मी फडक्याबद्दल काही बोललो नाही. "जा आणि बाबांना घेऊन या. आणि माफी नीट मागा. मोजून मापून नको."

आत्याने दार उघडलं पण वाट सोडली नाही. "झडती घ्यायला आलात?" तिने विचारलं.

"माफी मागायला आलोय."

"मग आत या. माझ्यासमोर मागा."

सासरेबुवा खिडकीशी बसले होते. एका दिवसात वाळल्यासारखे वाटले. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पूड, काटा, एकशे पंच्याहत्तर. "मी चुकलो, बाबा. आधी मशीनवर संशय घेतला, मग दुकानदारावर, आणि शेवटी तुमच्यावर. विचारायला हवं होतं, पकडायला नको होतं." शेवटी शेवटी माझा आवाज खरंच फुटला. आत्याने डोळ्यांना पदर लावला. सासरेबुवा उठले आणि म्हणाले, "झालं गेलं. चला."

बॅग मी घेतली. पहिली गल्ली मागे पडली. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी ते थांबले.

"जावईबापू, तुम्ही चांगल्या मनाने आलात, म्हणून सांगतो. मी रोज एक कप घेत होतो."

माझ्या हातातली बॅग खाली आली. "पण हिशेब तर जुळला. एकशे वीस पुडीत गेले."

"ते पुडीतच गेले. मी माझा कप तुमचं मापून झाल्यावर घ्यायचो. तुम्ही मापता, वहीत लिहिता आणि पेपर आणायला दाराशी जाता. तेवढ्यात मी एक कप ओतून घ्यायचो आणि तेवढंच गरम पाणी जगमध्ये घालायचो. एकदा मापलेल्या भांड्याकडे तुम्ही परत बघत नाही. शिक्का बसला की दुकानदार निर्धास्त."

मला आठवलं, गेले दोन आठवडे मी ऑफिसात सगळ्यांना सांगत होतो की मशीनची कॉफी पातेल्यापेक्षा हलकी होते, पोटाला बाधत नाही.

"आणि तुमची छाती?"

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. डॉक्टरांची चिठ्ठी. मी दोनदा वाचली, उन्हात धरून शिक्काही तपासला. सकाळी अर्धा कप चालेल, असं लिहिलं होतं. तारीख कालची.

"काल स्वतः जाऊन विचारून आलो," ते म्हणाले. "पण ही चिठ्ठी मुलीला दाखवली तर ती विचारेल, कालच का गेलात, आणि आधीचं सगळं सांगावं लागेल. मग ती मलाही ओरडेल आणि तुम्हांलाही पुन्हा ओरडेल. कशासाठी, ते तिचं तीच शोधून काढेल."

यात तथ्य होतं. शिवाय ज्या माणसाची आत्ताच रडून माफी मागितली, त्याच्यावर अर्ध्या तासात तोच आरोप पुन्हा कोणत्या तोंडाने करायचा?

दारातच बायकोने विचारलं, "नीट मागितलीत ना माफी?"

"अगदी मनापासून," सासरेबुवा म्हणाले. "मला तर भरून आलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नऊशे पाणी घातलं, कॉफी मापली, वहीत सातशे ऐंशी लिहिलं आणि पेपर आणायला गेलो. पेपर आमच्या उंबऱ्यावरच पडलेला असतो. तो उचलायला मला हल्ली चार मिनिटं लागतात.