पुलाच्या पायऱ्या

मोठे शहर वर्षानुवर्षे त्यात राहिल्याशिवाय कळत नाही, आणि एकदा कळले की ते पाहण्याची गरज उरत नाही. सांगलीच्या बाबतीत हे विश्रामबागेच्या चंदनबालाकाकूंनी सिद्ध केले होते. (गरज त्यांना सुरुवातीपासूनच उरली नव्हती, हा भाग वेगळा.)

काकूंचे माहेर कुंडलचे. दिवाळीला त्या तिकडे गेल्या की घराच्या पुढच्या सोप्यात बायका जमत, काकूंना मधली जागा मिळे, आणि सांगलीतली बघण्यासारखी ठिकाणे या विषयावर त्यांचे निवेदन होई. त्यात कृष्णेवरचा मोठा पूल अग्रभागी असे. "पुलाला मधोमध पायऱ्या आहेत. थेट पाण्यापर्यंत. उतरायचं, पाय धुवायचे, वर यायचं," काकू सांगत. मग "असं ऐकलंय" हेही म्हणत. पण आवाज मुळातच मऊ, त्यामुळे ते शब्द पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नसत. पोचवणे हे काकूंचे काम नव्हते, म्हणणे हे होते. काकूंनी घेतलेले सत्यव्रत अशा रीतीने अबाधित राही.

त्यांचे दुसरे व्रत हद्दीचे. रोज सकाळी, पाण्याचा घोट घेण्याआधी, मंदिरात उभे राहून दिवसापुरती हद्द बोलायची आणि त्यापलीकडे पाऊल टाकायचे नाही. जैन शास्त्रात याला देशव्रत म्हणतात. लोक कांदा सोडतात, बटाटा सोडतात; काकूंनी सांगली सोडली होती. उत्तरेस रेल्वेचे रूळ, दक्षिणेस भाऊसोंचा पेरूचा मळा, पूर्वेस पिठाची गिरणी, पश्चिमेस जकात नाका. शहर नाक्याच्या पलीकडे सुरू होई, त्याला काकूंचा इलाज नव्हता.

यामागे शुद्ध वैराग्य होते. लग्नानंतर एकदा धरणेंद्रकाका त्यांना पेठेत घेऊन गेले. परतीची गाडी आली, काका चढले, काकू राहिल्या आणि भर गर्दीत रडल्या. दुसऱ्याच सकाळी वैराग्य आले, हा योगायोग होय.

हद्दीच्या आत बघण्यासारखे काही नाही, असे कोणी समजू नये. गाडीच्या थांब्यावर सांगलीला जाणाऱ्यांचे चेहरे बघता येतात आणि परत येणाऱ्यांचेही; दोन्ही ताडून पाहिले की जाण्याचा मोह राहत नाही. मंदिराच्या ओसरीतली फरशी वैशाखातही गार असते. पण खरे प्रेक्षणीय स्थळ म्हणजे गिरणी. दळण ठेवून बसले की अख्खे शहर आपल्याकडे चालत येते, वर पीठही मिळते. (गिरणीतल्या तीन चतुर्थांश बायकांनी पूल पाहिला नव्हता. पायऱ्यांची माहिती त्यांनीच पुरवली.)

पंचाहत्तर सालच्या माघात काकूंची भावजय आक्काताई कुंडलहून येऊन दारात उभी राहिली. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "वन्सं, पूल बघाय आलोय. पायऱ्यास्नी पाय लावल्याबिगर जायचं न्हाई."

गिरणीतल्या पायऱ्या खोट्या निघाल्या तर कुंडलच्या सोप्यातली मधली जागा जाणार. आणि काकू बोलत आहेत नि माणसे ऐकत आहेत, असे ठिकाण त्यांना जगात ते एकच होते. घरी काका ऐकत, पण वर्तमानपत्राच्या पलीकडून.

"अगं बाई! वैनी, आजची हद्द बोलून झाली की माझी. नाक्यापुढं पाऊल टाकता येत नाही."

धर्म असा ऐनवेळी धावून येतो.

"मग ऱ्हातो की आजच्या दिस. उद्या जरा लांबची बोला."

व्रतात एवढी मोठी फट आहे, हे इतक्या वर्षांत काकूंच्या लक्षात आले नव्हते.

सकाळी मंदिरात आक्काताई अगदी खेटून उभी राहिली. "उत्तरेला रूळ," काकू पुटपुटल्या, "दक्षिणेला मळा, पूर्वेला गिरणी, पश्चिमेला..."

"मोठ्यानं, वन्सं. देवाला ऐकू जाऊ द्या."

"पूल," काकू म्हणाल्या.

शहर दाखवण्याचा कार्यक्रम पुढीलप्रमाणे पार पडला. तिकिटे आक्काताईने काढली. कुठे उतरायचे ते आक्काताईने सांगितले. उतरल्यावर कोणालाही न विचारता ती गर्दीतून पुढे निघाली आणि वाटाड्या तिचा पदर धरून मागे चालला.

पूल मोठा होता. काकू सांगत त्यापेक्षाही मोठा. खाली कृष्णा संथ पसरली होती, आणि कठड्यापासून पाण्यापर्यंत नुसती हवा होती. काकूंनी मधोमध जाऊन कठडा चाचपून पाहिला.

"वैनी, मी... असं ऐकलं होतं," त्या म्हणाल्या. हे शब्द प्रथमच स्पष्ट ऐकू आले.

"आवं, दर साल हळद मार्केट यार्डात टाकली की मी हितंच येऊन शेंगा खातो," आक्काताई म्हणाली. "पायऱ्या न्हाईत ते मला ठावं हाय. पर तुमी सांगाय लागला की वाटतं, आपल्याच नजरंत कायतरी खोट हाय. म्हटलं, तुमच्यासंगट एकदा बघावं." तिने ओटीतून शेंगा काढल्या. "घ्या. भाजक्या हायत."

काकूंनी शेंगा खाल्ल्या. (टरफले नदीत टाकली नाहीत, पाण्यात जीव असतात.) दुसऱ्या दिवशी पश्चिमेची हद्द जकात नाक्यावर पूर्ववत झाली.

पुढच्या दिवाळीला कुंडलच्या सोप्यात बायका जमल्या, पुलाचा विषय निघाला, आणि काकू गप्प बसल्या. स्वतः पाहून आलेल्या ठिकाणाबद्दल "असं ऐकलंय" म्हणता येत नाही. प्रवासाचे हे तोटे कोणी आधी सांगत नाही. बायका चुळबुळू लागल्या. एकजण तर मधल्या जागेकडे सरकलीसुद्धा.

तेवढ्यात आक्काताई चुलीपुढून ओरडली, "हायत की पायऱ्या! मी सोता उतरून पाय धुतल्यात."

आक्काताईने सत्यव्रत घेतलेले नव्हते.

"असं ऐकलंय," काकू हळूच म्हणाल्या. ते आता अक्षरशः खरे होते.

कोणाला शंका असेल त्याने प्रत्यक्ष जाऊन खात्री करून घ्यावी. परगावचे वाचक एखादे वेळी जातीलही. सांगलीकरांकडून मात्र कसलाच धोका नाही. ते कित्येक वर्षे "एकदा निवांत जाऊ" म्हणून थांबले आहेत.